बारा महिन्यांचा अनुभव अपेक्षित

कॉम्पटिया ए-प्लस या परीक्षेच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे. उमेदवाराला आयटी सपोर्टच्या कामाचा बारा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेला बरा, अशा अर्थाची. तो माझ्याकडे होता. त्याच्यावर आणखी वीस-बावीस वर्षं होती, त्यांचं काय करायचं हे मात्र माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ए-प्लस १९९३ सालापासून आहे. कॉम्प्युटर उघडणं, जोडणं, नेटवर्कवर आणणं, प्रिंटर चालू करणं, व्हायरस काढणं आणि हे सगळं करताना समोरच्या माणसाशी नीट बोलणं, एवढ्याची ती परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी नव्वद मिनिटं, जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. गुणांची पट्टी १०० पासून ९०० पर्यंत; पहिल्या पेपरला पास व्हायला ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. डिप्लोमा संपवून हेल्पडेस्कवर पहिली नोकरी शोधणारी मुलं ती देतात. माझ्या वयाचे लोक ती परीक्षा देत नाहीत, दुसऱ्यांना द्यायला लावतात.

मी भोसरी एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. आमचा माल जर्मन गिऱ्हाइकांकडे जातो, त्यामुळे टिसॅक्स नावाचं माहिती-सुरक्षेचं ऑडिट आमच्या मागे लागलेलं असतं. तुम्ही किती हुशार आहात याच्याशी ऑडिटरला काही देणंघेणं नसतं, त्याला कागद लागतो. कोण काय काम करतो आणि ते काम त्याला येतं याचा पुरावा काय, असा एक तक्ता भरायचा होता. माझ्या नावापुढे पुराव्याच्या रकान्यात होतं : एमसीएसई, विंडोज एनटी ४.०. म्हणजे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट, विंडोजच्या एका जुन्या आवृत्तीवरचं. एनटी ४.० बाजारात आलं १९९६ मध्ये. मायक्रोसॉफ्टने त्याच्या सर्व्हरचा सपोर्ट २००४ अखेर बंद केला, आणि पुढे २०२१च्या जानेवारीत एमसीएसई हे प्रकरणच गुंडाळलं. तक्ता भरणाऱ्या एचआरच्या मुलीने अगदी अदबीने विचारलं, "सर, हे अजून व्हॅलिड असतं का?"

प्लँट हेड म्हणाले, "काहीतरी दणदणीत करा. सीआयएसएसपी वगैरे. खर्चाचं बघू आपण." सीआयएसएसपी ही माहिती-सुरक्षेतली अनुभवी लोकांची मोठी परीक्षा. मी ए-प्लस म्हटल्यावर त्यांना वाटलं मी कंपनीचे पैसे वाचवतोय. माझ्या हाताखाली नव्याने लागलेला मुलगा आणि मुलगी ती देणारच होते, तेव्हा तिघांची परीक्षेच्या फीची व्हाउचर एकदम मागवली तर बरं, असं मी सांगितलं आणि विषय तिथे मिटवला.

खरं कारण वेगळं होतं. मला हे काम कोणी शिकवलेलंच नव्हतं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना नव्हतं. कॉलेजात सी आणि कोबोल होतं. पीसी उघडायला शिकलो ते पुण्यातल्या एका असेंबलरच्या दुकानात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेले पार्ट जोडणाऱ्या दोघांच्या मागे उभं राहून. ते जे करत ते मी करायचो. ते जे करत नसत ते करायचं असतं, हे मला कळायला मार्ग नव्हता. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधलेला माणूस मी आजतागायत फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलाय. आमच्याकडे रॅम काढण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात टेकवायची पद्धत होती. का टेकवायचा, तर टेकवायचा. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट चाललंय, त्या कामाची पहिली इयत्ता जगाच्या मते नेमकी काय आहे हे एकदा बघावं, असं फार दिवस डोक्यात होतं.

अभ्यासक्रम फुकट मिळतो. त्याची पीडीएफ छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करायची : येतं, येत नाही. पहिल्याच पानावर लक्षात आलं की या दोन खुणा पुरणार नाहीत. कारण बराच मोठा भाग असा होता की तो माझ्या हातांना येत होता आणि मला येत नव्हता.

उदाहरणार्थ केबल. आरजे-४५चं क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला नेटवर्कचा प्लग बसवणं, मी झोपेत करीन. ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राऊन-व्हाइट, ब्राऊन : हा तारांच्या रंगांचा क्रम पाढ्यांसारखा जिभेवर आहे. पण त्याला टी-५६८-बी म्हणतात, आणि हिरव्या-केशरी जोड्यांची अदलाबदल केली की तो टी-५६८-ए होतो, हे नावानिशी मला कधी लागलंच नव्हतं. आमच्याकडे सगळं 'स्ट्रेट' किंवा 'क्रॉस' एवढ्यावर भागायचं. तसंच १६९.२५४चं. एखाद्या मशीनला १६९ने सुरू होणारा आयपी दिसला की आम्ही म्हणतो 'डीएचसीपी मेला', म्हणजे मशीनना पत्ते वाटणारी सोय बंद पडली, आणि स्विचकडे चालायला लागतो. त्या पत्त्याला आपीपा असं नाव आहे, सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच स्वतःला तो देतं, आणि त्या पत्त्यावर शेजारच्या मशीनशी बोलता येतं पण राउटरच्या पलीकडे जाता येत नाही, ही सगळी माहिती मला तुकड्यातुकड्याने होती. एका वाक्यात ती मी कधी मांडली नव्हती. मांडायची वेळच आली नव्हती, कारण मी ज्यांच्याशी बोलायचो त्यांनाही 'डीएचसीपी मेला' एवढं पुरत होतं.

दुसरा भाग कोराच्या कोरा निघाला. मॅकओएस, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरची सिस्टिम. आमच्या कारखान्यात एकही मॅक नाही, त्याआधीच्या नोकरीतही नव्हता. फाइंडर, स्पॉटलाइट, फाइलव्हॉल्ट, टाइम मशीन ही सगळी नावं मला ऐकून माहीत. मोबाइलच्या प्रकरणाचंही थोडंफार तेच. तिथे मला जरा वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. मी जे ज्ञान माझं म्हणून मिरवत होतो त्याचा आकार आमच्या परचेस डिपार्टमेंटने ठरवलेला होता. त्यांनी ज्या कंपनीचे स्विच घेतले त्यात मी तरबेज. जे घेतले नाहीत ते माझ्यासाठी जगात नव्हते. बायोडेटात मात्र आपण 'नेटवर्किंगचा वीस वर्षांचा अनुभव' असं सरसकट लिहितो.

याच्या उलटंही होतं. माझ्याकडे असलेलं कितीतरी आता कुणी विचारत नाही. बीएनसी जोडांच्या जुन्या कोॲक्स केबलवर चालणारं नेटवर्क मी सांभाळलंय. दोन टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे केबलचा शेवट बंद करणारी टोपणं असायची आणि त्यातला एक ढिला झाला की सगळ्या ओळीचं नेटवर्क बसायचं. सकाळी साडेनऊला हमखास बसायचं, कारण झाडू मारणाऱ्या मावशींचा झाडू नेमका शेवटच्या टेबलाखालच्या टर्मिनेटरला लागायचा. ही माहिती परीक्षेच्या दृष्टीने शून्य किमतीची आहे. एक मात्र खरं, साडेनऊला काय होतं ते बघायला साडेनऊला तिथे जाऊन उभं राहायचं, ही सवय मला त्या टर्मिनेटरने लावली आणि ती अजून कामाला येते.

प्रिंटरच्या प्रकरणात मात्र मी रमलो. लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या पाठ कराव्या लागतात : प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग, क्लीनिंग. आधी वाटलं, हे कशाला? प्रिंट फिकट आली तर कार्ट्रिज काढून दोनदा हलवायचं, नाही जमलं तर रिफिलवाल्याला फोन. पण एकदा ते नीट वाचल्यावर इतकी वर्षं पाहिलेले डाग आपापल्या जागी जाऊन बसायला लागले. कागदावर बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात, म्हणजे फ्यूझर तापत नाहीये, टोनर कागदावर नुसता पडलाय, वितळून चिकटलेला नाही. आधीच्या ओळीची पुसट सावली खाली पुन्हा उमटते, म्हणजे टोनर कागदावर नेणारा ड्रम पुरता साफ होत नाहीये. उभी काळी रेघ वरपासून खालपर्यंत, म्हणजे ड्रमवर ओरखडा. आणि तोच ठिपका ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजायचं. ज्या रोलरचा घेर तेवढा, तो दोषी. हे शेवटचं वाचलं तेव्हा मी खरोखर उठून स्टोअरच्या प्रिंटरवरचा डागाळलेला कागद आणला आणि मोजला. ड्रमच होता. रिफिलवाला गेले दोन महिने टोनर बदलून देत होता.

आणि डॉट मॅट्रिक्स! अभ्यासक्रमात इम्पॅक्ट प्रिंटर अजून आहे. रिबन, प्रिंट हेड, ट्रॅक्टर फीड, कार्बनच्या प्रती. माझ्याबरोबर अभ्यास करणाऱ्या मुलीला तो प्रकार म्युझियममधला वाटला. तिला गेटवर घेऊन गेलो. तिथे टीव्हीएसचा एमएसपी प्रिंटर डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती एकदम ठोकत बसलेला असतो, कारण एक ड्रायव्हरला, एक सिक्युरिटीला आणि एक अकाउंट्सला लागते, आणि लेझर प्रिंटरला कार्बन कॉपी काढता येत नाही. शेवटची प्रत पुसट येते अशी तक्रार आली तर हेड आणि कागद यांच्यातलं अंतर कमी करायचा खटका कुठे असतो, हे मी तिला दाखवलं. त्या एका प्रश्नापुरता मी त्या दोघांच्या पुढे होतो.

माझ्या वेळच्या अभ्यासक्रमात व्हायरस काढण्याच्याही सात पायऱ्या होत्या, आणि त्यांचा क्रम विचारायचे. लक्षणं बघून खात्री करा. मशीन वेगळं काढा. विंडोजचं सिस्टिम रिस्टोअर बंद करा. अँटिव्हायरस अद्ययावत करून स्कॅन करा आणि घाण काढा. पुढचे स्कॅन नि अपडेट वेळापत्रकाला लावा. सिस्टिम रिस्टोअर चालू करून नवा रिस्टोअर पॉइंट घ्या. शेवटी वापरणाऱ्याला समजावून सांगा. कारखान्यात आमच्या पायऱ्या दोनच : केबल ओढा, इमेज टाका, म्हणजे सगळं पुसून विंडोजची तयार प्रत चढवा. प्रॉडक्शनचा माणूस डोक्यावर उभा असतो, त्याला तासाभरात मशीन हवं असतं. संशोधन करायला कोणाला वेळ आहे? तरीही त्या यादीतली सातवी पायरी वाचताना मी थांबलो. मशीन परत दिल्यावर 'आता वापरा' यापलीकडे आम्ही कोणाला काय सांगतो? त्याच माणसाचं मशीन तीन महिन्यांनी पुन्हा येतं, आणि आपण म्हणतो, लोकांना अक्कल नाही.

पोर्ट नंबरही, म्हणजे नेटवर्कवर एकेका सेवेच्या दाराचे आकडे, पाठ करायचे असतात. २२ एसएसएच, २३ टेलनेट, ५३ डीएनएस, ३३८९ रिमोट डेस्कटॉप. यातला ४४५ मला पाठ करावा लागला नाही. १२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरायला लागला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या याच दारातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती, म्हणजे पॅच, मार्चमध्येच काढला होता, पण शॉप फ्लोअरवर सीएनसी मशीनला जोडलेले पीसी जुन्या विंडोज एक्सपीवर होते आणि एक्सपीला तो पॅच नव्हताच. त्या गडबडीत मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी खास काढून दिला. तो येऊन लागेपर्यंत आम्ही स्विच-स्विच करत ४४५ बंद करत फिरलो. काही जुन्या स्विचवर ती सोयच नव्हती, तिथे सरळ केबल उपटल्या आणि ड्रॉइंग पेन ड्राइव्हने पोचवली, जे सुरक्षेच्या दृष्टीने वेगळंच पाप. परीक्षेत ४४५ हा चार पर्यायांतला एक आकडा असतो. मी त्यावर टिचकी मारून पुढे गेलो.

डम्प्सबद्दल बोलल्याशिवाय या विषयाला न्याय मिळणार नाही. डम्प म्हणजे खऱ्या परीक्षेतले चोरून आणलेले प्रश्न, उत्तरांसकट. एनटीच्या आणि विंडोज २०००च्या काळात हा धंदा असा फोफावला की 'पेपर एमसीएसई' अशी शिवी तयार झाली : भिंतीवर सर्टिफिकेट आणि समोर बंद पडलेला सर्व्हर. माझ्या पिढीतल्या चांगल्या तंत्रज्ञांनी सर्टिफिकेशनकडे पाठ फिरवली त्याचं मोठं कारण हे. आमच्या ओळखीचे जे सर्टिफाइड होते ते कामाला उपयोगाचे नव्हते, आणि जे उपयोगाचे होते त्यांना सर्टिफिकेटची गरज नव्हती, असं आमचं सरळ गणित. ते गणित आम्हाला सोयीचंही होतं, हे आता कळतं. डम्पचा धंदा अजून जोरात आहे. आमच्या नव्या मुलाला कॉलेजच्या ग्रुपवर पीडीएफ आलीच होती. तू ती वापरलीस तर ऑडिटचा तक्ता भरेल, पण रात्री दोनला फोन आला तर तूच उचलायचा, असं मी त्याला सांगितलं. त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. परीक्षेआधी गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, म्हणून इथेही मी खऱ्या पेपरातला एकही प्रश्न सांगत नाहीये. जे सांगतोय ते अभ्यासक्रमातलं आणि सरावाच्या प्रश्नांतलं आहे.

सरावाच्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो काही शब्दांनी. 'सर्वात आधी', 'सर्वात योग्य', 'बहुधा' अशा अर्थाचे हे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. एका माणसाचा इंटरनेट चालत नाही, तुम्ही सर्वात आधी काय कराल? केबल बदलाल, ड्रायव्हर टाकाल, राउटर रीस्टार्ट कराल की त्याला विचाराल की अलीकडे काय बदललं? माझं खरं उत्तर : तो माणूस कुठल्या शेडमध्ये बसतो त्यावर अवलंबून. प्रेस शॉपमध्ये असेल तर उंदरांनी केबल खाल्ली असणार. डिस्पॅचला असेल तर फोर्कलिफ्टने पत्र्याचा ट्रे दाबला असणार. क्वालिटीच्या केबिनमध्ये असेल तर साहेबांनी चार्जर लावायला स्विचचा प्लग काढला असणार. यातलं काहीच पर्यायांत नव्हतं. बरोबर उत्तर होतं, त्याला विचारा.

हे असं वारंवार झाल्यावर परीक्षेचा कावा कळला. परीक्षेतला तंत्रज्ञ नेहमी आजच रुजू झालेला असतो. त्याला उंदीर माहीत नाहीत, फोर्कलिफ्टवाला माहीत नाही. त्यामुळे तो विचारतो, अंदाज बांधतो, अंदाज तपासून बघतो, मग योजना आखतो, सगळं पुन्हा चालतंय ना हे बघतो आणि शेवटी लिहून ठेवतो. मी यातल्या पहिल्या पायऱ्या उडी मारून ओलांडतो आणि दहापैकी नऊ वेळा नेमका जागेवर उतरतो. दहाव्या वेळी माझी अख्खी दुपार जाते, कारण मी उंदीर शोधत बसतो आणि तिथे उंदीर नसतो. त्या नऊ वेळांसाठी मला पगार मिळतो, हेही खरं. म्हणून परीक्षा चूक, असं मी म्हणणार नाही आणि मी चूक, असंही म्हणणार नाही. पण पेपर सोडवताना दर प्रश्नाला मला मुद्दाम स्वतःला त्या कारखान्यातून बाहेर काढावं लागायचं, आणि ते मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड गेलं. माझ्याबरोबरच्या मुलीला त्यात काहीच कष्ट नव्हते.

या काळात मला एमएस-सीआयटीचे दिवस फार आठवले. ही परीक्षा चालवणारं एमकेसीएल २००१ मध्ये सुरू झालं आणि महाराष्ट्रात गावोगाव एमएस-सीआयटीची सेंटरं निघाली. सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली. मुदतीत पास न झाल्यास वेतनवाढ रोखण्याची भीती होती. नोकरीच्या सुरुवातीला वरकमाई म्हणून मी संध्याकाळी अशा एका सेंटरवर शिकवायचो. वर्गात दहावी झालेली पोरं आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जिल्हा परिषदेचे गुरुजी, पाटबंधाऱ्याचे क्लार्क, आरोग्य खात्यातल्या सिस्टर. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचे पेपर तपासले ते माऊस धरताना टेबल संपलं की थांबायचे. पोरं हसायची. मीही मनात हसायचो, बाविशीत माणूस दुसरं काय करणार.

त्यातले पाटबंधाऱ्याचे एक क्लार्क मला स्पष्ट आठवतात. एक्सेलमध्ये बेरीज शिकवली : खाली यायचं, सम लिहायचं, कंसात पहिला आणि शेवटचा सेल. त्यांनी ते बिनचूक केलं. मग खिशातलं पेन काढलं, मागच्या पानावर कोरा कागद ठेवला आणि पडद्यावरची चाळीसेक आकड्यांची ती बेरीज हाताने करायला घेतली. रुपये वेगळे, पैसे वेगळे, हातचे वर मांडून. बाकीच्यांचं पुढचं प्रकरण सुरू झालं तरी ते त्यातच. शेवटी मान वर करून म्हणाले, "बरोबर आहे सर, हरकत नाही." माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला सर म्हणत होता, आणि एक्सेल त्यांच्या परीक्षेत पास झालं होतं. कोणत्याही यंत्राने काढलेल्या आकड्याखाली सही करण्याआधी तो एकदा आपण पडताळावा, ही त्यांच्या खात्याची शिस्त होती. एमएस-सीआयटीत त्या शिस्तीला गुण नव्हते. त्यांना रीसायकल बिन म्हणजे काय ते विचारलं गेलं, ते त्यांनी सांगितलं आणि वेतनवाढ सोडवून घेतली.

माझ्या वेळी दुसऱ्या पेपरात २२ टक्के गुण कामाच्या पद्धतींना होते. त्यात बॅकअप आहे, बदलाच्या नोंदी आहेत, विजेपासूनची सुरक्षा आहे आणि माणसांशी बोलणंही आहे. वेळेवर जा, उशीर होणार असेल तर कळवा. समोरचा बोलत असताना मध्ये तोडू नका. तांत्रिक शब्द फेकू नका. वाद घालू नका, स्वतःची बाजू मांडत बसू नका, त्याच्या अडचणीला क्षुल्लक म्हणू नका. हे वाचून आम्ही तिघे खूप हसलो, कारण त्याच सकाळी अकाउंट्समधून फोन आला होता तो असा :

"सर, सिस्टिम बंद पडली."

"काय झालं मॅडम नेमकं?"

"एरर आला होता."

"काय लिहिलं होतं?"

"इंग्रजीत होतं काहीतरी. मी ओके केलं."

या संवादाला परीक्षेत चार पर्याय असते तर बरोबर उत्तर बहुधा 'शांतपणे, मोकळा प्रश्न विचारा' असं असतं. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे तारीख ३० मार्च असेल आणि समोर अकाउंट्स असेल तर शांतपणा दोन्ही बाजूंनी दुर्मिळ असतो. परीक्षेचं आणखी एक म्हणणं असं की गिऱ्हाइकाला त्याच्या योग्य उपाधीने संबोधा. शॉप फ्लोअरवर उपाध्या ठरलेल्या आहेत. जुना ऑपरेटर मामा, कँटीनच्या ताई, शिफ्टचा सुपरवायझर साहेब, आणि मामांना चुकून 'सर' म्हटलंत तर ते मशीन तुमच्या स्वाधीन करून चहाला निघून जातात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दोन ओळखपत्रं दाखवा, खिसे उलटे करून दाखवा, घड्याळ काढा, चष्मा काढून द्या म्हणजे ते काड्या तपासतील. मोबाइल लॉकरमध्ये. हातात एक प्लास्टिकचा पुसता येणारा कागद आणि मार्कर. काउंटरवरचा मुलगा मला विद्यार्थ्याचा बाप समजून बाहेरच्या खुर्चीकडे बोट दाखवत होता, तेवढं एक. पेपर सुरू होताना करून दाखवायचे प्रश्न येतात, त्यात जाळं जुळवायचं, सेटिंग लावायची असं असतं. ते मागे ठेवून शेवटी सोडवा असा सल्ला सगळे देतात. मी तो पाळला नाही, मला तेच सोपे गेले. मग शेवटी एक गंमत असते. वेळ संपल्यावर निकाल लगेच दाखवत नाहीत. आधी सर्वेक्षण भरायचं : परीक्षेची तयारी कशी केलीत, अनुभव किती, वगैरे. छातीत धडधड चालू असताना अनुभव किती या प्रश्नाचं उत्तर देण्यात एक वेगळीच मजा आहे.

दोन्ही पेपर सुटले. पहिल्याला घसघशीत गुण, दुसऱ्याला बेताचे. निकालाच्या कागदावर कुठल्या मुद्द्यांवरचे प्रश्न चुकले त्यांची यादी मिळते. माझ्या यादीत मॅकओएस होतं, ते अपेक्षितच होतं. संवाद आणि व्यावसायिक वागणूक हाही मुद्दा होता. आमच्या टीमने तो कागद झेरॉक्स करून सर्व्हर रूमच्या दारावर लावला.

सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. ते जिवंत ठेवायला त्या काळात वीस सीईयू, म्हणजे शिकत राहिल्याचे वीस गुण जमवायचे, नाहीतर वरची परीक्षा द्यायची. २०११च्या आधी जे पास झाले त्यांचं ए-प्लस जन्मभराचं आहे. ते लोक आता नशीबवान ठरलेत. मुलीने आत्ताच कॉम्पटियाच्याच नेटवर्क-प्लस या वरच्या परीक्षेचा अभ्यास काढलाय. मुलगा म्हणतो सरळ त्याच्याही वरची सिक्युरिटी-प्लस करतो, खालचं सगळं आपोआप नव्याने चालू होतं. हिशोब त्याचा बरोबर आहे.

मला या सगळ्यातून हाताला लागलं ते बिघाड शोधण्याच्या पद्धतीतल्या शेवटच्या, सहाव्या पायरीचं काम : लिहून ठेवा. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे देखभालीचं काम गुरुवारचं. आता दर गुरुवारी मी आणि ती मुलगी वही घेऊन एकेका रॅकसमोर उभे राहतो. मी सांगतो, ती लिहिते. कुठली केबल कुठे जाते, कुठल्या यूपीएसची बॅटरी कधी बदलली, कुठल्या स्विचला हात लावायचा नाही आणि का. 'का'पाशी आम्ही सारखे अडतो. मला कारण माहीत असतं, पण ते मोठ्याने सांगितलं की पुष्कळदा कारणासारखं वाटत नाही.

मध्ये एकदा पंचिंग शॉपमध्ये होतो. तिने विचारलं, "सर, हा यूपीएस रॅकच्या बाहेर, स्टुलावर का ठेवलाय?"

"पावसाळ्यात वरून गळतं. रॅकमध्ये ठेवला तर बरोबर त्याच्यावर थेंब पडतात."

"कधीपासून?"

"शेड बांधली तेव्हापासून."

तिने ते लिहिलं. मग म्हणाली, "मग पत्र्यासाठी मेंटेनन्सला टिकीट टाकलंय का कोणी?"

तिनेच टाकलं, तिथल्या तिथे मोबाइलवरून. पुढच्या गुरुवारी मेंटेनन्सचे दोघं शिडी घेऊन आले, बघून गेले, आणि टिकीट 'साहित्य मागवले आहे' असं लिहून पुढे ढकललंय. स्टूल अजून तिथेच आहे. वहीत त्याचीही नोंद आहे, तारखेसकट.